सुगराबीच्या भिंतीपुढची कनात

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय केवलचंदशेठ, आपला निरोप घेऊन धुळ्याला निघालेले सत्कारमूर्ती, पालिकेचे अभियंता प्रेमराज साहेब, त्यांच्या जागी कालच रुजू झालेल्या अभियंता रूही मॅडम, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आणि या मे महिन्याच्या उकाड्यात पदरानं वारा घेत बसलेल्या माझ्या अक्का, आबा, भाऊ-बहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी मोहिनी. इथल्या अंगणवाडीत शिकवते. घरकुल योजनेत या वस्तीतलं सगळ्यात आधी पूर्ण झालेलं घर माझं, म्हणून आभाराचं भाषण माझ्या वाट्याला आलं. शेठ मला म्हणाले, ताई, तुम्हीच बोला, तुम्ही गोड बोलता. शेठ, गोड बोलते हे खरं आहे. आज मला त्याचीच लाज वाटते आहे.

पण आधी साहेबांविषयी. साहेब गल्लीत शिरले की नमस्काराच्या आधी विचारायचे, भिंतीला पाणी मारलं का? त्यांची स्कूटर वाजली की बायका बादल्या उचलायच्या. उखर्डू आबांनी एकदा चहाचा आग्रह केला, तर म्हणाले, आबा, चहाचं पाणीसुद्धा भिंतीलाच मारा. असा माणूस आपल्याला लाभला. माझं घर उभं राहिलं ते त्यांच्यामुळे, हे मी कुठंही सांगेन.

योजनेचा पैसा वरून पालिकेत येतो आणि घर चढेल तसा हप्त्यांनी आपल्याला मिळतो. दर टप्प्याला साहेब घरमालकिणीला समोर उभं करून फोटो काढायचे, मग पुढचा हप्ता. माझे हप्ते वेळेवर आले. माझ्या शेजारी सुगराबीचं घर. तिच्या भिंती झाल्या आणि नेमका निधी आटला. छत राहिलं. जुनं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं होतं, त्यामुळे तिचं सगळं कुटुंब ताडपत्रीखाली आलं.

दिवाळीनंतर कळलं की जिल्ह्याहून पाहणीचं पथक येणार. उरलेला निधी कोणत्या वस्तीला द्यायचा, ते हेच पथक सुचवणार होतं. आता आपण खान्देशी माणसं. पाहुणा येणार म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचतं का? गल्ली झाडली, सडे घातले, माझ्या घराला नवे पडदे लागले. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, सगळा बेत झाला. फक्त शेजारच्या उघड्या भिंती आणि ती ताडपत्री बरी दिसेना. तेव्हा मीच म्हटलं, मंडपाची कनात पडून आहे, ती आडवी बांधून टाकू. साहेबांनीही अडवलं नाही. काम नीटनेटकं दिसलं तर निधी सुटेल, असं त्यांनाही वाटलं, आपल्यालाही वाटलं. कनातीचं एक टोक मी धरलं होतं. दुसरं कोणी धरलं होतं? सुगराबीनं. ती म्हणाली, "पाहुण्यापुढं रडगाणं नको, मोहिनीताई. घट्ट बांधा."

पथक माझ्याच घरी जेवलं. जेवता जेवता त्यांच्या प्रमुखांनी विचारलं, काही अडचण आहे का? मी भाकरीवर तूप वाढत म्हटलं, तुमच्या कृपेनं सगळं छान आहे. आत चुलीपाशी भाकऱ्या कोण थापत होतं? तीही सुगराबीच. तिनं ऐकलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण समजलो. पण ज्याच्यापुढे हात पसरायचा, त्याच्यापुढे मूठ झाकून कसं चालेल? निधी दुसऱ्या वस्तीला गेला. त्या लोकांनी पथकाला पडक्या घरांत फिरवलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.

आज सुगराबीचे मालक अमीनभाई रावेरला केळीचे ट्रक भरतात, आणि दुपारी ताडपत्रीखाली बसवत नाही म्हणून सुगराबी सासूला घेऊन माझ्याकडे येते. म्हातारी माझ्या पंख्याखाली बसून मला दुवा देते. तेव्हा मला मान वर करवत नाही. सुगराबी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

आणि आपली सवय बघा. काल मंडप घालताना कोणी कोणाला विचारलं नाही, पण कनात बरोबर तिच्याच भिंतींपुढे लागली. ही इथं, माझ्या डाव्या हाताला. सकाळी मी तिला सांगितलं, आज मी बोलणार आहे. ती म्हणाली, "आज नको. साहेबांचा दिवस आहे." मी तिचं ऐकलं नाही.

साहेब, तुमच्या गळ्यात हार असताना हे बोलले, याचं मला वाईट वाटतं. पण धुळ्यातल्या वस्त्यांत जाल, तेव्हा माझ्यासारखीच्या घरी आधी जेवू नका. ज्या घराला छत नाही, तिथं पाहुण्यांना आधी न्या.

रूही मॅडम, आपण काल आलात, आपला यात काही दोष नाही. शेवभाजीचा वास आपल्यापर्यंत आला असेल. पण पानावर बसण्याआधी माझ्याबरोबर या कनातीपलीकडे चला. तिथं खुर्ची नाही, उभ्यानंच बघावं लागेल. सुगराबीला समोर उभं करून फोटो काढा आणि घर अडलंय असं वर कळवा. साक्षीला सगळ्यात आधी माझं नाव घाला. पथकाला सगळं छान आहे म्हणणारी मीच होते, हेही कळवा.

केवलचंदशेठनी मंडप दिला, मंडळाच्या पोरांनी उन्हात खपून तो उभा केला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या दिवशी जेवणाच्या पंक्तीत जे बोलले नाही, त्याची माफी सभेकडे मागून भागणार नाही. सुगराबी, ती मी तुझ्याकडे मागते. ये, एक टोक तू सोड, एक मी सोडते.