सुर्व्यांची स्वेच्छा

विषय : आमच्या रत्नागिरीच्या कचेरीतले शिपाई सुर्वे यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. संदर्भ : दाभोळला अंथरुणाला खिळलेली त्यांची आई.

अर्जात छापील ओळ होती, "हा निर्णय मी पूर्णपणे स्वेच्छेने घेतला आहे." तिच्याखाली सही करताना सुर्वे माझ्या टेबलाशी अडले.

"खोटी सही कशी करू ओ भाऊ? आईची दशा बघवेना, बायको रोज मागे लागलेली, आणि गावच्या देवीला कौल लावला तर कळी उजवीकडे पडली, म्हणजे होकार. यात माझी इच्छा आली कुठे?"

"डावीकडे पडली असती, तर नोकरीत राहिला असतात?"

सुर्वे कान खाजवू लागले. "पहिल्यांदा डावीकडेच पडली ना! मग गुरवाला म्हटलं, परत लाव."

"असं किती वेळा?"

"तीन."

"तीनदा देवीच्या मागे लागलात, आणि इच्छा नाही म्हणता? करा सही."

त्यांनी केली. साहेबांनी शेरा मारला, "अर्जामागे आईच्या आजारपणाचे कारण दिसते. कारण असल्यास स्वेच्छा कशी? खुलासा व्हावा."

सुर्वे त्याच संध्याकाळी रजा टाकून आईकडे गेले. पुढे मीही निवृत्त झालो. खुलासा अजून कोणाला लिहिता आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.