विठाबाईंच्या नावावर लिहिलेला नकार

सन्माननीय अध्यक्ष श्यामकांतराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, कारखान्यातले माझे सहकारी आणि अंबरनाथ-बदलापूरहून मुद्दाम आलेल्या बंधुभगिनींनो,

अकरा वर्षं या कारखान्याचा दवाखाना सांभाळून आज निरोप घेतोय. अध्यक्षमहाशय म्हणाले, डॉक्टर प्रत्येकाची आस्थेनं चौकशी करत. गळ्यात हार असताना माणसानं मुकाट ऐकून घ्यावं, हे मला कळतं. पण एवढं एक ऐकवलं नाही.

पॅकिंग खात्यातले जनूभाऊ भोईर समोर बसलेत. त्यांना विचारूनच सांगतो. त्रेपन्न साली त्यांच्या पत्नीच्या, विठाबाईंच्या डोळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईच्या सर्जननी डोळा काढला, आतली खोबणही साफ केली. मला पत्र लिहिलं: रोग मागे पसरला होता, थोडा राहिला असण्याची शक्यता आहे; महिन्याच्या आत किरणांचे उपचार सुरू करा. सहा आठवडे मुंबईत राहावं लागेल. खात्री नाही, पण आशा आहे.

पत्र घेऊन मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. ओटीवर जनूभाऊ, त्यांचे वडील आणि थोरले बंधू. विठाबाई दाराआड, पट्टीवरून पदर ओढून उभ्या. चहा त्यांनीच केला होता. माझ्यासोबत आलेल्या आमच्या नर्स बनूबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, तिला विचारा ना."

मी म्हटलं, "वडीलधारे बसलेत, बरं दिसत नाही."

केवढा सभ्य मी! मंडळी म्हणाली, जखम भरलीय, आता बाईला कशाला भाजून काढायचं? मी समजावलं का? समजावलं, जेमतेम. मग दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलं, 'रुग्णाचा नकार', आणि खाली सही ठोकली.

आठ महिन्यांनी खोबणीत गाठ परत आली. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. विठाबाईंनी मला विचारलं, "डाक्टर, त्या कागदान काय व्हता?" मी पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मना कोनी इचारलाच नाय. मी गेली असती." दिवाळीआधी त्या वारल्या.

उपचारांनी त्या वाचल्याच असत्या, असा माझा दावा नाही. पण तो नकार त्यांचा नव्हता, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

आपण सर्वांनी भरभरून माया केलीत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेनं सांभाळून घ्यावं. आणि जनूभाऊ, सभेआधी तुम्ही हात जोडून म्हणालात, विठानं तुम्हाला केव्हाच माफ केलंय. नको, जनूभाऊ. तिच्या वतीनं आपण एकदा बोललोय.