दोन आटे बसते, तिसऱ्याले अडते

नाही, तुमीच सांगा, चुकीचा पाइप एकदा आणला तं माणूस चुकला म्हणू, पण दरवेळी? दरवेळी! अन् आणणारा कोण? धनंजय! माझा दोस्त, भिलाईच्या स्टील प्लांटात हायड्रॉलिकचा माणूस, ज्याच्या हातानं मोठमोठ्या मशिनीचे पाइप बसले, अन् माझ्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचा हातभर पाइप त्याले मॅच होऊन नाही राहिला!

तुमाले सांगतो, झालं काय, आमची गाडी जुनी, हा पाइप गळाले लागला. पंपातून दाबाचं तेल स्टेअरिंगले हाच नेते. तेल गेलं का स्टेअरिंग असं जड, का जातं दळून राहिले वाटते! त्यातच शेजारच्या केवलरामचं गेट आडवं आलं. म्हणजे... स्टेअरिंग जड होतं हो! पण आमची शैला, नवऱ्याचं काही ऐकून घेईन तं शपथ, म्हणते, "अहो, मोतीबिंदू हाय तुमच्या डोळ्यात. आपरेशन करा, तवापर्यंत गाडी राहू द्या." मी म्हटलं, डोळ्याचा अन् पाइपचा काय संबंध? गोंदियाले आपल्या प्रांजलीच्या पोराचं नामकरण हाय, नातवाच्या दारात गाडी मीच उभी करीन. बस्स!

तं धनंजयनं पाइप आणला. लांबी तेच, वाक तोच, नट दिसाले जुळा भाऊ. लावला. दोन आटे बसते, तिसऱ्याले अडते! धनंजय म्हणते, "दयाभाऊ, याचे आटे बारीक हायत, आपले जाड. जबरदस्ती नका करू, पंपाचे आटे जातीन." मी म्हटलं, बराबर हाय बाप्पा, जाणता माणूस. दुसरा आणला. दोन आटे बसते, तिसऱ्याले अडते! मग एक असा आणला का आटे बसले, पण तोंड निमुळतं, अन् आमच्या पंपाले लागते रबरी रिंगवालं... इंजन चालू केलं, तं तेलाची धार सरळ माझ्या बनियनवर! अन् हा हात पुसत आत आवाज देते, "वहिनी, चहा, जरा आलं टाकून!" अन् वहिनी टाकते! माझ्या चहात कधी दिसलं तुमाले आलं?

शेवटी जुना पाइप पिशवीत टाकला अन् आटोनं मीच गेलो भिलाई-तीनले, पार्टच्या दुकानात. दुकानदारानं पाइप पाह्यला न पाह्यला अन् म्हणते, "अंकल, इसका जोड़ तो धनंजय भैया कब का ले गए! साथ में गलत वाले भी ले गए थे, बोले दिखाने को चाहिए."

दिखाने को! म्हणजे माझ्याच पोर्चमध्ये नाटक चालून राहिलं होतं, अन् टॉर्च धरून कोण उभा? मीच!

तडक हुडकोले, धनंजयच्या घरी. समोरच्या मैदानात त्याची गाडी गोल गोल फिरून राहिली, तो बाजूच्या सीटवर, अन् स्टेअरिंगवर कोणीतरी बाई. चेहरा काही... खोटं कायले बोलू, दिसला नाही. आवाज ओळखला. "भाऊजी, ब्रेक कोणता म्हणाले होते?"

शैला! रोज सकाळी "फिराले जाऊन येतो जी" सांगून निघणारी शैला! फिरतच होती म्हणा...

मी धनंजयले म्हटलं, कावून रे? माझ्या घरचा चहा पिऊन? तो मान खाली घालून म्हणते, "दयाभाऊ, ते गेट होतं म्हणून निभावलं. तिथं लेकरू असतं तं? तुमाले नको म्हणाची हिंमत कोणाची हाय? वहिनी म्हणाल्या, मले लायसन भेटेपर्यंत पाइप जुळू देऊ नका." अन् शैला? रडून राहिली होती, ब्रेकवर पाय तसाच.

लागलं हो मले. नको म्हणाले असते तं भांडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण हे? माझ्याच टॉर्चच्या उजेडात? दोघायनं मिळून? अन् मी येड्यावानी आमच्या साऱ्या स्मृति नगरले सांगत फिरलो, दोन आटे बसते, तिसऱ्याले अडते!

मग काय... लायसन भेटलं, तं त्याच दिवशी धनंजयच्या डिकीतून बरोबरचा पाइप निघाला. लावला. पहिला आटा, दुसरा, तिसरा... थेट शेवटपर्यंत गेला! अडलाच नाही मेला!

गोंदियाले गेलो आमी, गाडीनंच. प्रांजलीच्या गल्लीच्या वळणावर शैला एका बोटानं स्टेअरिंग फिरवते, एका बोटानं, अन् मले म्हणते, "अहो, पाइप मस्त बसवला धनंजयभाऊजीनं!"

मी काच खाली केली, अन् हात बाहेर काढून गाडी डावीकडं वळून राहिली म्हणून दाखवत बसलो. इंडिकेटर हाय हो गाडीत, चालते बी... पण माणसाले काही तं काम पाहिजे नं!