लाजाळू उघडेपर्यंत

तुम्ही चहा प्या, मी सांगतो. नीट सांगता येईल की नाही, याची मात्र खात्री नाही. बेळगावच्या सरकारी बागेत मी मोठ्या माणसांना झाडं शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. वनस्पतिशास्त्राची पदवी होती, पण वर्गासमोर उभं राहिलं की पाठ केलेलं सगळं विसरायचो. त्या सकाळी तर वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला बागखात्याचे साहेब येणार होते.

घाबरून मी एकच लाजाळू पुन्हा पुन्हा बोटानं मिटवून दाखवत होतो. वर्गात मूळचे निपाणीचे एक जैन व्यापारी होते, आप्पा. ते म्हणाले, "मास्तर, किती सतावताय तिला? आता उघडंपर्यंत कुणी हात लावायचा न्हाय."

सगळे रोपाभोवती गोल बसले. धुकं गवतावर रेंगाळत होतं. कुणी बोलेना, आणि खरं सांगतो, मलाही बोलावंसं वाटेना.

तेवढ्यात साहेब आले. "शिकवणं बंद का?" म्हणत त्यांनी छडीचं टोक रोपाकडे नेलं. आप्पांनी छडीच धरली. "बसा साहेब. उठाय लागलीया ती."

माझा वर्ग संपला, असंच मी धरून चाललो. साहेब मात्र टोपी काढून ओल्या गवतात बसले. पानं सावकाश उघडत गेली. बऱ्याच वेळानं मी हळूच विचारलं, "साहेब, वर्गाचं काय ठरलं?"

रोपावरची नजर न काढता ते म्हणाले, "गप बसा हो. एक पान राहिलंय अजून."