अक्कांचा तांब्या

परदेशी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे हो, पण ते कसं कमावलं ते ऐका.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हा जळगावच्या वार्ताहरांना शिकवायला डेन्मार्कहून एक बाई आल्या होत्या. त्यांचा पहिला नियम म्हणजे, ज्याची बातमी करायची, त्याच्याकडे घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

सरावाला आम्ही बाईंबरोबर धरणगावजवळच्या एका खेड्यात गेलो. नव्या बोअरचं पाणी खारट आहे, असं गाव म्हणत होतं आणि पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणत होते, गोड आहे. एका अक्कांनी तांब्या पुढे केला. मी नियमाप्रमाणे नको म्हटलं. अक्का तडक उठल्या.

"ज्याले मन्हा घरनं पाणी चालत नही, त्याले मी काय सांगू?"

आमच्याकडे पाणी नाकारलं की बोलणंच संपतं. मी तांब्या उचलून घटाघटा प्यायलो. घसा खरवडून निघाला.

बाई भडकल्या. "नियम मोडलास!"

मी तांब्या त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे घट्ट मिटले, पण गिळला.

बातमीचं पहिलं वाक्य मी तिथेच लिहून त्यांना सांगितलं, "पाणी खारट आहे, मी प्यायलो आहे."

बाई म्हणाल्या, "पुढे लिही, मीपण."