रॉकसम्राज्ञी नको

मस्कतच्या रुवी भागात बसच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं. संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमात ती रॉक अँड रोल गाणार होती आणि तो निवेदन करणार होता.

“‘मस्कतची रॉकसम्राज्ञी शैला कांबळे’ असं म्हणतो.”

“नको हो.”

“अगं, एल्विसला किंग म्हणतात. तू जिची गाणी म्हणतेस ती वांडा जॅक्सन रॉकबिलीची क्वीन.”

“त्यांनी आधी गाऊन दाखवलं होतं. गेल्या वर्षी तुम्ही रुपेशला स्वरसम्राट केलंत आणि तो दुसरं कडवंच विसरला. अजून त्याला सगळे महाराज म्हणून हाक मारतात.”

“मग तुला काय म्हणू?”

“नुसतं नाव घ्या.”

“बाकी सगळ्यांना पदव्या दिल्यात. तुला एकटीलाच नाही दिली तर लोकांना वाटेल, आपलं घरी भांडण झालंय.”

“वाटू दे. निदान कान देऊन ऐकतील.”

“कठीण आहेस.”

“एकदा म्हणून दाखवा ना.”

“आता? इथे?”

“हो.”

“आणि आता येत आहेत, शैला कांबळे.”

“हां. आता गाईन मी.”