कच्च्या कडेची गोधडी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चिटणीस आदरणीय शालिग्राम आबा चौधरी, सकाळच्या एसटीने खास धुळ्याहून आलेल्या प्रमुख पाहुण्या सौ. लताबाई भामरे, पिंप्राळ्याचा हा शिवणवर्ग सत्तावीस वर्षं ज्यांनी चालवला आणि आज ज्या निवृत्त होत आहेत त्या सत्कारमूर्ती बेबाबाई फालक, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या तमाम आयाबहिणींनो,

मी पितांबर शिंपी. जळगावात मला पितांबर मास्तर म्हणतात. माझ्या हातची कॉलर ज्याने घातली, त्याने दुसऱ्या टेलरचं तोंड पाहिलं नाही, हे मी सांगायची गरज नाही. पण सांगून टाकलेलं बरं असतं. या वर्गाच्या परीक्षेचा परीक्षक म्हणून अकरा वर्षं मी येतो आहे. मला आबांनी सांगितलंय, दहा मिनिटं बोला आणि बाईंविषयी बोला. मी बाईंविषयीच बोलणार आहे. मात्र दहा मिनिटांचं वचन देत नाही.

बेबाबाईंचं मोठेपण कशात? मुलींना झबली-पोलकी तर कोणीही शिकवील. बाईंनी आपल्या घरातली गोधडी उचलली आणि मशीनवर नेऊन ठेवली. हाताने गोधडी शिवायची तर बाईचा महिना जातो. त्यात ठिगळाची नक्षी करायची असेल तर प्रत्येक तुकड्याची कड दुमडा, टाचा, मग टाके घाला. शेतात जाणाऱ्या, कडेवर मूल असणाऱ्या बाईने हे कधी करायचं? बाईंनी तोड काढली. कॉलरमध्ये घालतात ते इस्त्रीने चिकटणारं बकरम असतं ना, ते त्यांनी ठिगळाच्या पाठीला लावलं. हवा तो आकार कात्रीने कापला, कापडावर ठेवला, इस्त्री फिरवली, चिकटला. कड दुमडायची भानगडच नाही.

आणि हे बकरम यायचं कुठून? तर माझ्याच दुकानातून! वाया गेलेली कात्रणं बाई पिशवी भरून न्यायच्या. मला वाटायचं, पोरींना कॉलर शिकवत असतील. मी आपला खुशीत, की चला, माझी विद्या पसरते आहे.

बाईंची अक्कल पुढेच आहे. बकरम ताठ असतं. सगळ्या ठिगळाला लावलं तर गोधडी पुठ्ठ्यासारखी उभी राहील. म्हणून त्या बकरमाचं पोट कापून काढत, फक्त किनारीपुरती बोटभर पट्टी ठेवत. मध्ये जुन्या लुगड्यांचे थर घालून मोठ्या धावदोऱ्याने सगळं धरून ठेवत. मग मशीनचा कापड दाबणारा पाय काढायचा, कापड पुढे सरकवणारे खालचे दाते उतरवायचे आणि दोन्ही हातांनी कापड फिरवत, भरतकाम करतात तशी टीप मारायची. ठिगळाच्या कडेपासून बरोबर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत. सुरुवात मधून, आणि मग बाहेर बाहेर, म्हणजे थर गोळा होत नाहीत. पाय एका चालीने, हात दुसऱ्या चालीने. लताबाई, तुम्ही हसताय. एकदा करून बघा. मी करून बघितलंय. तीन सुया मोडल्या. घरी कोणी नसताना केलं होतं, म्हणून अब्रू वाचली.

तर एक्क्याण्णव सालची परीक्षा. याच हॉलमध्ये टेबलं मांडली होती. पारोळ्याकडच्या भिकुबाई बाविस्कर परीक्षेला होत्या. नवऱ्याने टाकलेली बाई, पदरात एक मुलगी, भावाच्या घरी राहायला. हे प्रमाणपत्र मिळालं तर स्वतःच्या पायावर उभी राहणार, हे मला माहीत होतं. बाईंनी आधीच कानावर घातलं होतं. भिकुबाईंनी माझ्यापुढे गोधडी पसरली. केळीची बाग. हिरव्या चार छटांची पानं, वाऱ्याने चिरफळलेली, लाल केळफूल. बघणारा थांबलाच पाहिजे अशी. मी काय केलं? नखाने एका पानाची कड खरवडली. धागा हातात आला. मी म्हटलं, "ही कड कच्ची आहे. दुमडलेली नाही."

भिकुबाई घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, वारानी फाडेल पानले कोन दुमडस?"

वाऱ्याने फाडलेल्या पानाची कड कोण दुमडतं, या सवालावर सगळ्या पोरी हसल्या. आणि तिथेच माझं डोकं फिरलं. खरं सांगतो, तो धागा निमित्त होता. मला हसल्या, हे मला लागलं. चाळीस वर्षं मी कड दुमडत आलो आणि आता ही पोर मला शिकवणार? मी वहीत लिहिलं, 'कड कच्ची. अनुत्तीर्ण.' खाली झोकात सही केली. माझी सही फार सुंदर आहे.

बेबाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भिकुबाईंना विचारून त्यांनी गोधडीची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मास्तर, सही तुमची झाली, आता मी बोलत नाही. ही घरी न्या. पांघरा, धुवा. मग तुम्हालाच काय ते कळेल." मी ऐटीत नेली. मनात म्हटलं, दोन धुण्यांत चिंध्या होतील आणि त्या चिंध्या मी वर्गात आणून टाकीन.

आमच्या सौ. सुमनबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचं धुणं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सोड्याच्या पाण्यात भिजवायचं, दगडावर टाकायचं आणि मोगरीने असं झोडायचं, की शेजारच्यांना वाटावं मलाच झोडतायत. पहिल्या धुण्यात पानांच्या कडेला थोडी लव आली. मी खूश! दुसऱ्या धुण्यात आणखी थोडी. तिसऱ्यापासून थांबली. टिपेपर्यंत आली आणि तिथेच बसली. उलट पानं जास्तच खरी दिसायला लागली. आणि माझ्या दुकानातली, मी स्वतः कड दुमडून शिवलेली गोधडी? दुमडलेल्या जाड कडेवरच मोगरी बसायची. दोन वर्षांत तिचे कोपरे उघडे पडले.

गोधडी अंगावर घेतली की सौ. म्हणायच्या, "हाई कोनी शिवी हो? अंगवर वझंच लागत नही. तिना हात सोनाना शेतस." आणि त्या सोन्याच्या हातांचं कौतुक करता करता एकदा त्यांनी विचारलं, "तुमी तिले कितला मार्क दिधात?"

मी म्हटलं, "पास केली ना! पहिल्या वर्गात."

सुमनबाई, ते खोटं होतं. घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोला, मोगरी तेवढी बाजूला ठेवा.

आबांची चिठ्ठी आली, वेळ झाली म्हणून. आबा, वेळ पाच वर्षांपूर्वीच झाली होती. आता थोडं थांबा.

त्या परीक्षेपासून भिकुबाई या वर्गात मदतनीस आहेत. नव्या मुलींना मशीनवर हात कसा फिरवायचा ते त्याच शिकवतात, हे इथली प्रत्येक मुलगी सांगेल. बाई त्यांना दरवर्षी म्हणायच्या, पुन्हा परीक्षेला बस. त्या म्हणायच्या, कड दुमडून पास व्हायचं असेल तर मला नको. आणि मी दरवर्षी इथे यायचो, त्यांच्या हातचा चहा प्यायचो आणि गप्प घरी जायचो. या गप्प बसण्याची मला आज लाज वाटते.

आता बाईंची जागा रिकामी होते आहे. सोमवारी नेमणूक ठरणार. धुळ्याच्या, भुसावळच्या प्रमाणपत्रवाल्या बायकांचे अर्ज आलेत. भिकुबाईंचा अर्ज आलेला नाही. कारण अर्जासोबत जोडायच्या कागदावर माझी ती सुंदर सही आहे.

ही ती गोधडी. अगं, दोघी जणी पुढे या आणि धरा नीट. पाच वर्षं पांघरलेली, झोडलेली आहे. एक पान निघालेलं दाखवा. लताबाई, तुम्ही पाहुण्या आहात, तुम्ही तपासा. मी त्या दिवशी शर्टाची कॉलर तपासावी तशी गोधडी तपासली. हा अडाणीपणा होता, आणि दुखावलेल्या माणसाचा होता, म्हणून जास्त वाईट.

आबा, मघाशी मी दिलेला लिफाफा तुम्ही मानपत्र समजून बाजूला ठेवलात. तो माझा अर्ज आहे. एक्क्याण्णव सालचा तो निकाल चुकीचा होता, परीक्षक या नात्याने मी तो दुरुस्त करून पहिला वर्ग देतो, असं मी लिहून दिलंय. नियमात बसत नसेल तर परीक्षकांच्या यादीतून माझं नाव काढा; पण सोमवारच्या आत काय तो निर्णय द्या.

बेबाबाई, तुम्ही मला एका शब्दाने न बोलता शिकवलंत. तुमच्या सत्तावीस वर्षांत सर्वांत उशिरा पास झालेला विद्यार्थी मीच असेन. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. बोलायची संधी दिल्याबद्दल संस्थेचे, ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते सभेने पोटात घालावं.

वहीत जे उणं झालं, ते मात्र सभेने माफ करायचं नाही. तो अधिकार एकट्या भिकुबाईंचा आहे. त्या तिकडे दाराजवळ, चहाच्या टेबलापाशी उभ्या आहेत. भिकुबाई, तो ट्रे खाली ठेवा आणि पुढे या. तुम्ही काय म्हणता ते ऐकल्याशिवाय मी खाली बसणार नाही.